थर्मासातल्या पेशी

पेर्ला बिदेगाइनच्या पेशी एकदाच्या मोठ्या झाल्या, तेव्हा तिने सगळ्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की आजपासून आपण कोणाशीही भांडणार नाही.

"दुपारच्या जेवणापर्यंत तरी टिकव," शेजारच्या टेबलावरून हेर्वासियो म्हणाला. हा हेर्वासियो तिच्याबरोबरच डॉक्टरेटला लागला आणि तिच्या आधी ती मिळवून मोकळा झाला. तेव्हापासून त्याच्या बोलण्यात पेन्शनीत निघालेल्या माणसाची शांतता आली होती, आणि नेमक्या त्या शांततेनेच पेर्लाचं डोकं फिरायचं.

"तू गप्प बस रे, शहाण्या," ती म्हणाली. घोषणा तिथेच निकालात निघाली.

पण आनंद खरा होता. जखम झाली की रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत आधी धावून जातात, त्यांची कोवळी पिल्लं बाटलीत घालून उबदार कपाटात ठेवायची, वर औषधाचे थेंब सोडायचे आणि ती वयात यायची वाट बघत बसायचं, हा पेर्लाचा उद्योग. ऐकायला सोपा वाटतो. पण कधी कपाटाची ऊब जायची, कधी बाटलीत बुरशी यायची, आणि कधी काहीही कारण नसताना पेशी नुसत्याच हट्टाला पेटायच्या आणि आहोत तशाच बऱ्या आहोत म्हणून बसून राहायच्या. मोंतेविदेओच्या माल्विन भागातल्या घरी तिची आई रोज संध्याकाळी विचारायची, "झाल्या का गं मोठ्या?"

"नाही गं आई."

"मग तुझ्यावरच गेल्या असतील."

पेर्ला चौतिशीत होती, आईच्या घरातल्या मागच्या खोलीत राहत होती आणि तिचा प्रबंध अजून चालूच होता. त्यामुळे हा टोमणा नेमका बसायचा.

आता या पेशी मोठ्या होतात म्हणजे नक्की काय होतं, ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला. कोवळ्या पेशीच्या पोटातलं केंद्रक सोललेल्या बटाट्यासारखं गोल असतं. पेशी वयात आली की तोच बटाटा मध्येमध्ये आवळत जातो आणि चोरिसो सॉसेजची माळ असावी तसा तीन-चार फुग्यांचा होतो. हे शंभर वर्षांपासून सगळ्यांना ठाऊक आहे. पेर्लाला शोध घ्यायचा होता तो केंद्रकाच्या आतल्या चौकटीचा. छत्रीला काड्या असाव्यात तशी तिथे लॅमिन नावाच्या प्रथिनांची चौकट असते. त्यातलं एक लॅमिन-ए, ते कडक. दुसरं लॅमिन-बी, ते जरा लवचिक. पेर्लाचं म्हणणं असं, की या पेशी मोठ्या होता होता आपल्या हाताने लॅमिन-ए काढून टाकतात. काड्या काढल्या की छत्रीचं कापड खिशातसुद्धा कोंबता येतं. तसंच हे मऊ केंद्रक घेऊन पेशी शिरेच्या भिंतीतल्या बारीकशा फटीतून सुळकन बाहेर पडते आणि जखमेपाशी जाऊन पोहोचते.

सुंदर कल्पना होती. फक्त डॉक्टर विल्मार इतुराल्देंना ती पटत नव्हती.

इतुराल्दे म्हणजे मोंतेविदेओतल्या पेशीवाल्यांचे आजोबा. सत्तरी ओलांडलेली, चष्मा कायम कपाळावर, हातात कायम मातेची वाटी; माते म्हणजे इथे सगळे थर्मासातलं गरम पाणी ओतून दिवसभर पितात तो कडू चहा. चाळीस वर्षांत या माणसाने आपलं चुकलं असं म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. सहकाऱ्यांच्या नाही, विद्यार्थ्यांच्या नाही आणि बायकोच्या तर नाहीच नाही. गेल्या परिषदेत पेर्लाने आपला निकाल दाखवला, तेव्हा ते पहिल्या रांगेतून उठले आणि म्हणाले, "पोरी, या पेशी म्हणजे कात्र्यांनी भरलेली पिशवी. जंतू चावून खायला त्यांच्या पोटात शेकडो कात्र्या असतात. तपासायला तू पिशवी फोडतेस, कात्र्या बाहेर पडतात, आतली लॅमिनची रिबन कापली जाते, आणि तू सांगतेस की रिबन आधीपासूनच नव्हती! हे बघ, तुझ्या लॅमिन-बीचेसुद्धा तुकडे पडलेत. ते तर राहायला हवं होतं ना?"

सभागृह हसलं. पेर्ला मान डोलावत राहिली. हा तिचा जुना रोग होता. बरोबरीच्या माणसांशी ती कडाकडा भांडायची, पण वयाने मोठा कोणी बोलायला लागला की तिची मान आपोआप वरखाली व्हायची आणि जीभ टाळूला चिकटायची. रात्री अंथरुणात मग तिला एकाहून एक उत्तरं सुचायची.

आता हेच इतुराल्दे तिच्या प्रबंधाचे बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी फेटाळला की प्रबंध गेला, आणि पेर्लात पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याचं त्राण उरलं नव्हतं. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, नाही झालं तर मावशीच्या बेकरीत बसायचं. वाईट काही नव्हतं त्यात. फक्त तिला रडू यायचं.

आणि अशात इतुराल्देंनी स्वतः फोन करून एक संधी दिली. त्यांच्याकडे एक यंत्र होतं. त्यात केसाहून बारीक फटी होत्या आणि जिवंत पेशी त्यांतून ढकलून बघता यायच्या. "मोठ्या झालेल्या पेशी घेऊन ये," ते म्हणाले. "खरंच काड्या टाकल्या असतील तर सुळकन जातील. मग मी बोलणार नाही. पण गुरुवारीच ये. शुक्रवारी यंत्र दुरुस्तीला जातंय, आणि ते परत येईपर्यंत तुझी परीक्षा उरकलेली असेल."

म्हणून गुरुवारच्या सकाळी पेशी मोठ्या झालेल्या बघून पेर्लाने ती शांततेची घोषणा केली होती.

आता प्रश्न उरला नेण्याचा. पेशींना अंगाच्या उबेत ठेवून नेलं पाहिजे. प्रयोगशाळेची उबदार पेटी होती, पण नाताळच्या पार्टीत कोणीतरी तिच्यात बर्फ घालून बाटल्या गार केल्या होत्या, तेव्हापासून ती फक्त गार करायची. तो कोणीतरी म्हणजे हेर्वासियो, हे सगळ्यांना माहीत होतं.

"थर्मास," हेर्वासियो शांतपणे म्हणाला.

"काय?"

"तुझ्या आईचा थर्मास आणलायस ना आज? त्यात सदतीस अंशांचं पाणी भर. नळ्या बंद कर, दोरा बांध, आत सोड. एवढीशी तर गोष्ट."

"आणि प्रोफेंनी बघितलं तर?"

दोघांनीही दाराकडे बघितलं. प्रोफे म्हणजे प्राध्यापिका नीदिया, त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. बाई प्रेमळ, पण पेशींच्या खोलीत खाण्यापिण्याची वस्तू दिसली की त्यांच्या अंगात यायचं. दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून लावलं होतं: 'थर्मास आत आला तर खिडकीतून बाहेर जाईल. मालक त्याच्या मागून.'

"प्रोफे सभेला गेल्यात," हेर्वासियो म्हणाला. "आणि हे बघ, आपल्या गावात बगलेत थर्मास असलेल्या बाईकडे कोण बघतं? थर्मास नसेल तर लोक विचारतील, काय गं, बरं नाही का?"

हे मात्र अगदी खरं होतं. पेर्लाने दोन नळ्या भरल्या, एक कोवळ्या पेशींची, एक मोठ्या पेशींची. झाकणं घट्ट लावली, नळ्या बाहेरून स्पिरिटने पुसल्या, दोऱ्याने थर्मासात सोडल्या आणि वरचं बूच फिरवलं. वर 'आत पेशी आहेत' अशी चिठ्ठी चिकटवावी असं तिच्या मनात आलं. पण चिठ्ठी वाचून पहिली ओरडणार प्रोफेच, म्हणून तिने ती खिशात घातली. मग आईचा थर्मास बगलेत मारून ती बसमध्ये चढली. बसमधल्या निम्म्या लोकांच्या बगलेत थर्मास होता. शेजारच्या म्हातारीने तर विचारलंसुद्धा, "पाणी गरम आहे का गं? माझं संपलं."

"नाही हो काकू, कोमट आहे," पेर्ला म्हणाली. म्हातारीने तिच्याकडे अशा दयेने बघितलं, की जणू हिच्या घरी कोणी गेलंय.

इतुराल्देंच्या प्रयोगशाळेत ती पोहोचली तेव्हा मातेची फेरी रंगात आली होती. चार-पाच जण कोंडाळं करून बसलेले, मध्ये बिस्किटं, आणि भोपळ्याच्या वाटीत हिरवी भुकटी ओली करून, एकाच नळीने आळीपाळीने ओढणं चाललेलं. पाणी ओतण्याचा मान अर्थातच इतुराल्देंचा. टेबलावर थर्मासांची रांग लागली होती. पेर्लाने आपलाही थर्मास क्षणभर तिथे टेकवला, कारण दारावरचा पहारेकरी तिला सहीसाठी हाका मारत होता आणि खांद्यावरून पिशवीही घसरत होती.

सही करून यायला असा किती वेळ लागणार? पण पहारेकऱ्याला तिचं आडनाव लिहिता येईना, तिने ते दोनदा फोड करून सांगितलं, त्याने ते दोनदा चुकवलं, आणि तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होऊन गेलं.

ती परत आली तेव्हा इतुराल्दे तोंड वाकडं करून बसले होते. त्यांच्या एका हातात मातेची वाटी होती, दुसऱ्या हातात किटली, आणि समोर तिच्या आईचा थर्मास, उघडा. चष्मा नेहमीसारखा कपाळावर, त्यामुळे आतला दोरा त्यांना दिसलाच नव्हता.

"हा थर्मास तुझा का गं पोरी?"

"हो, डॉक्टर, पण तो..."

"अगं, काय हे पाणी! मेलेलं पाणी! मी एक वाटी ओढली, म्हटलं असेल माझ्या जिभेची चूक. दुसरी ओढली. छे! तळ्यातलं पाणी बरं. असं पाणी घेऊन हिंडतेस तू? घरी कोणी शिकवलं नाही?" आणि मग त्यांचा आवाज एकदम मायेने भरून आला. "पण काळजी करू नकोस. मी जिवंत केलंय ते. जवळजवळ सगळं ओतून टाकलं आणि किटलीतलं गरम काठोकाठ भरलं. आता बघ कसं झालंय."

त्यांनी थर्मासाचं बूच लावलं आणि तो दोन्ही हातांनी तिच्या पुढ्यात धरला. अंगाई गाऊन निजवलेलं मूल परत द्यावं तसा.

पेर्लाने थर्मासाला हात लावला. बुचाच्या कडेने वाफ येत होती.  इतक्या दिवसांची मेहनत, ती बुरशी, ते रुसवे, आईचे टोमणे, सगळं आत शिजत होतं. तिला ओरडायचं होतं. 'अहो म्हाताऱ्या, ती माणसं आहेत माझी,' असं काहीतरी तिच्या तोंडाशी आलं.

तिची मान वरखाली झाली. "उपकार झाले, डॉक्टर," ती म्हणाली.

"घे, पहिली तू घे." आणि त्या पाण्याची एक वाटी त्यांनी तिच्या हातात दिली. सगळे तिच्याकडे बघत होते. पेर्लाने ती ओढली. माते मात्र फक्कड झाली होती, हे तिला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

मग ती थर्मास घेऊन बाथरूममध्ये गेली, दोऱ्याने नळ्या वर ओढल्या आणि बोटं भाजून घेतली. नळ्या फुटल्या नव्हत्या, एवढंच काय ते समाधान. आत पेशींचा पांढरा गाळ तळाला बसला होता. उकडलेल्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा. एखाददुसरी जगली असेल, असं ती स्वतःला सांगत राहिली, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

यंत्राने तिची तीही आशा ठेवली नाही. कोवळ्या पेशी फटीत अडकल्या, ते ठीक. पण मोठ्या पेशी त्याहून वाईट अडकल्या. कच्च्या चण्यांसारख्या एकावर एक तटल्या आणि यंत्र घरघर करून बंद पडलं.

इतुराल्देंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, पडद्याकडे बघितलं आणि खरोखरच्या दुःखाने म्हणाले, "बघितलंस ना? काड्या तशाच आहेत. मला वाईट वाटतं पोरी, पण परीक्षेत मला हे सांगावं लागेल."

पेर्लाने मान डोलावली.

परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, आणि ती रडली. हळूहळू नाही, चांगली भोकाड पसरून. शेजारच्या माणसाने तिला न विचारता तिचा थर्मास उचलला, आपल्या वाटीत माते करून तिच्या हातात दिली आणि खिडकीबाहेर बघत बसला. थर्मासातलं पाणी अजून कढत होतं. ओढता ओढता पेर्लाचा राग पुन्हा वर आला. कात्र्या म्हणे! रिबन म्हणे! पेशी फोडली की कात्र्या सुटतात म्हणे. आता या थेरड्याने सगळं शिजवून ठेवलं, आता कोणत्या कात्र्या चालणार आहेत, कपाळ?

आणि ती थांबली. नळी तोंडातच राहिली.

कात्र्यासुद्धा प्रथिनंच. गरम पाण्यात त्याही शिजल्या. पेशी फुटायच्या आधीच, आतल्या आत, सगळ्याच्या सगळ्या. आजवर प्रत्येक वेळी तिने जिवंत पेशी फोडली होती आणि कात्र्या हातघाईवर आल्या होत्या. या खेपेला चोर चोरी करायच्या आधीच शिजून बसले होते. घरात जे होतं ते जसंच्या तसं आत होतं. लॅमिन-ए असेल तर दिसेल. नसेल तर ते खरोखरच नाही, आणि त्याचा दोष कोणाला कात्र्यांवर टाकता येणार नाही.

"उतरायचंय मला!" ती ओरडली. बस चालू होती. ड्रायव्हरने आरशातून तिच्याकडे बघितलं आणि पुढच्या थांब्यावर तिला जरा घाईनेच उतरवलं.

ती धावत प्रयोगशाळेत शिरली. यंत्राला निम्म्याच पेशी लागल्या होत्या, उरलेला गाळ नळ्यांत होता. लॅमिन ओळखून त्याला चिकटणारं प्रतिपिंड बाटलीच्या तळाशी एक वेळेपुरतंच उरलं होतं.

"काय करतेस?" हेर्वासियोने विचारलं.

"शिजलेल्या पेशींचं चित्र काढतेय."

"डॉक्टरकडे जा बाई, खऱ्या डॉक्टरकडे."

"हेर्वासियो, माझा थर्मास धू, आणि तोंड बंद ठेव." त्याने दोन्ही केलं, कारण पेर्लाचा चेहराच तसा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पडद्यावर पट्टी उमटली, प्रतिपिंड चिकटेल तिथे काळी रेघ दाखवणारी. कोवळ्या पेशींच्या बाजूला लॅमिन-एची रेघ, जाड, काळी, ठसठशीत. मोठ्या पेशींच्या बाजूला तिथे काहीच नाही. अगदी कोरं. आणि खाली लॅमिन-बीची रेघ दोन्हीकडे सारखी, अख्खी, एकही तुकडा पडलेला नाही. आजवर एकाही चित्रात ती अशी अख्खी आली नव्हती. म्हणजे कात्र्या खरंच चालल्या नव्हत्या. आणि म्हणजे लॅमिन-ए खरंच गेलं होतं, पेशींनी मोठं होता होता स्वतःच टाकलेलं.

हेर्वासियोने पट्टी दोनदा बघितली. मग त्याची ती पेन्शनी शांतता कुठल्या कुठे गेली आणि त्याने पेर्लाला उचलून गोल फिरवलं. तेवढ्यात प्रोफे आत आल्या.

"काय चाललंय? आणि हे चित्र इतकं स्वच्छ कसं आलं?"

"पेशी आधी गरम केल्या, प्रोफे," पेर्ला म्हणाली.

"गरम केल्या? अगं, हुशार आहेस तू! कशात?"

"पाण्यात," पेर्ला म्हणाली. हे खोटं नव्हतं. प्रबंधातही तिने एवढंच लिहिलं.

परीक्षेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पेर्लाची आई पहिल्या रांगेत मावशीच्या बेकरीतले बिस्कोचो मांडीवर घेऊन बसली होती. व्यासपीठावर तीन परीक्षक, मध्ये इतुराल्दे, आणि बाजूला सगळं टिपून घ्यायला विभागाच्या सचिव सुलमाबाई, ज्यांनी आजवर या सभागृहातल्या सगळ्या परीक्षांचं इतिवृत्त लिहिलं होतं.

पेर्ला बोलली, आणि बरं बोलली. मोठ्या पेशीला चौकट टाकून मिळतं काय, असं दुसऱ्या परीक्षकांनी विचारलं, तर ती म्हणाली, "वाट मिळते. ताठ केंद्रक घेऊन त्या फटीतून जाता येत नाही. त्या मोजून एखाद-दुसरा दिवस जगतात, पण जखमेपर्यंत पोहोचतात." आई शेजारच्या बाईला म्हणाली, "माझी मुलगी आहे," जसं काही कोणाला शंका होती.

मग इतुराल्दे बोलायला लागले. "ही शेवटची पट्टी उत्तम आहे. मी मान्य करतो. पेशी आधी गरम करून कात्र्या मारायच्या, नामी युक्ती. पण मग माझ्या यंत्रात काय झालं? या बाईंच्या मोठ्या पेशी माझ्या समोर, माझ्या डोळ्यांदेखत, चण्यासारख्या अडकल्या. काड्या नाहीत तर अडकल्या कशा? दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकत नाहीत. मी यंत्रावर विश्वास ठेवतो."

सभागृहात कुजबुज झाली. पेर्लाची मान वरखाली व्हायला लागली. तिला ती जाणवली. आपण इथे मान डोलावतोय, आणि एवढं डोलावून झालं की सगळं संपणार, उद्यापासून बेकरी. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली आणि मान थांबवली.

"दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, डॉक्टर," ती म्हणाली. "त्या अडकल्या, कारण त्या शिजलेल्या होत्या. पट्टीवर आहेत त्याच पेशी. मी गरम केल्या नाहीत. तुम्ही केल्या."

"मी?"

"मी त्या थर्मासातून आणल्या होत्या. सदतीस अंशांच्या पाण्यात. तुम्ही म्हणालात पाणी मेलेलं आहे. आणि किटली ओतलीत."

आईच्या मांडीवरचा बिस्कोचोचा कागद चुरचुरला तो सगळ्यांनी ऐकला.

पहिल्या ओरडल्या प्रोफे. "थर्मास? पेशींच्या खोलीत? माझ्या खोलीत?"

"हो, प्रोफे."

"खिडकीतून फेकेन!"

"माझा आहे तो थर्मास," पेर्लाची आई तिथूनच म्हणाली. "हात तर लावून बघा."

इतुराल्दे उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "थांबा! थांबा सगळे! म्हणजे त्या पाण्यात... मी ते प्यायलो?"

"दोन वाट्या," पेर्ला म्हणाली. आता तिला थांबताच येईना. "नळ्या बंद होत्या, डॉक्टर. बाहेरून स्पिरिटने पुसलेल्या. काहीही झालेलं नाही तुम्हाला. आणि मग मीही प्यायले, तुम्ही दिलंत म्हणून. पण तुम्ही त्यात उकळतं पाणी..."

"उकळतं?" इतुराल्देंनी टेबलावर मूठ आपटली. "उकळतं? बाई, तोंड सांभाळा! आयुष्यात मी मातेला उकळतं पाणी वापरलेलं नाही! किटली नुसती कुरकुरायला लागली की मी खाली उतरवतो. ऐंशी अंश! फार तर ब्याऐंशी! उकळतं म्हणे! सुलमा, हे लिहू नका!"

"कोणतं लिहू नको, डॉक्टर?" सुलमाबाईंनी विचारलं. "प्यायलात ते, की उकळलंत ते?"

"उकळलं ते! प्यायलो ते लिहा हवं तर!"

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळं सभागृहच फुटलं. हेर्वासियो खुर्चीवरून खाली घसरला. पेर्लाला मात्र हसू येत नव्हतं. ती टेबलाची कड धरून उभी होती आणि फक्त इतुराल्देंकडे बघत होती.

इतुराल्दे हसत नव्हते. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला होता आणि ते पडद्यावरची पट्टी बघत होते. ती कोरी जागा. खालची अख्खी रेघ. ते खुर्चीतून निघाले, पडद्याच्या अगदी जवळ गेले, आणि तिथे त्यांनी लॅमिन-बीच्या रेघेवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे. मग त्यांनी पुन्हा तसंच केलं. हशा आपोआप विरला.

"म्हणजे कात्र्या मी मारल्या," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले. "आणि तरी ही जागा कोरीच राहिली."

"हो, डॉक्टर."

"तू हे त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली तुमची," पेर्ला म्हणाली. इतकं सरळ ती आजवर कोणा मोठ्या माणसाशी बोलली नव्हती.

 म्हातारा पडद्याकडे पाठ करून सगळ्यांकडे वळला आणि हात मागे बांधून, शाळेत उभं केलेल्या मुलासारखा, म्हणाला, "परिषदेत मी या मुलीचं हसं केलं होतं. माझं चुकलं."

 प्रोफेंचं तोंड उघडंच राहिलं. इतुराल्देंच्या पत्नी मागच्या रांगेत बसल्या होत्या, त्यांनी छातीशी हात नेला.

सुलमाबाईंनी पेन थांबवलं. "पुन्हा एकदा म्हणता का, डॉक्टर?" त्या अगदी अदबीने म्हणाल्या. "तुमच्या तोंडचं हे वाक्य मी अजून कधी लिहिलेलं नाही. चुकायला नको."

इतुराल्दे पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने, शेवटच्या रांगेतल्या बायकोकडे बघत. आणि पेर्ला बिदेगाइनने टेबलाची कड सोडली, कारण तिला दोन्ही हातांनी डोळे पुसायचे होते.